जळालेल्या पोथ्यांची साक्ष

कोळसा झालेले ग्रंथ वाचण्यासाठी लाखो डॉलर खर्च करावेत काय? वर्गात हा प्रश्न निघाला तेव्हा बहुतेकांनी नकारार्थी माना हलविल्या. माझे मत निराळे आहे, ते येथे मांडतो.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतील हर्क्युलेनियम हे नगर गाडले गेले. तेथील एका प्रासादात पपायरसच्या गुंडाळ्यांचे ग्रंथालय होते. १७५२ च्या सुमारास खोदकामात त्या सापडल्या, पण कोळशाच्या ढलप्यांसारख्या! तुकडे धरून त्यांची संख्या सुमारे १८०० भरते. उलगडू जावे तर भुगा होई. पियाज्जो या धर्मगुरूने धाग्यांनी हळूहळू उलगडणारे यंत्र केले, तरीही नासधूस टळली नाही. शेकडो गुंडाळ्या मिटलेल्याच राहिल्या.

आता क्ष-किरणांनी गुंडाळीचे अंतरंग टिपून संगणकावर तिचे पदर सुटे करतात. शाई काजळीची आणि कागदही कोळसा, त्यामुळे अक्षर हुडकायला संगणकाला शिकवावे लागते. २०२३ मध्ये त्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. २०२४ मध्ये दोन हजारांवर अक्षरे वाचणाऱ्या तिघांना सात लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. ते तिघेही विद्यार्थी होते. दुर्मिळ वस्तू मुबलक वस्तूंहून अधिक सुख देतात काय, अशी चर्चा त्या मजकुरात आहे.

ही चर्चा एपिक्युरसच्या पंथातली. त्याने सुमारे ३०० गुंडाळ्या लिहिल्याचे सांगतात. शाबूत राहिली ती तीन पत्रे आणि काही वचने. ज्याच्या नकला होत गेल्या तेच टिकले, आणि देव माणसाच्या सुखदुःखात लक्ष घालीत नाहीत असे म्हणणाऱ्याच्या नकला करणार कोण? त्याला खोडून काढणारे सिसेरो आणि प्लुटार्क मात्र टिकले. भाकरी आणि पाणी यांत परमसुख मानणाऱ्या या माणसाचे नाव इंग्रजी कोशात खवय्यासाठी रूढ झाले! आपल्या चार्वाकाची कथा वेगळी नाही. तोही आपल्याला भेटतो तो प्रतिपक्षाच्या ग्रंथांतूनच.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आजोबांना अक्षरओळख नव्हती. घरात आलेला प्रत्येक कागद दुसऱ्याने वाचायचा आणि तो सांगेल ते खरे मानून आजोबांनी अंगठा उठवायचा. वाचणारा प्रामाणिक असेलही, पण पडताळा पाहणार कसा? एपिक्युरसच्या बाबतीत भलेभले पंडितही असेच अंगठेबहाद्दर ठरले आहेत.

हा पैसा भुकेल्यांना द्यावा, असे कोणी म्हणेल. भूक मी नाकारीत नाही. परंतु 'शिकून काय मिळणार?' हा प्रश्न मला गावात अनेकदा विचारला गेला आहे, आणि 'वाचून काय मिळणार?' हा त्याचाच सख्खा भाऊ आहे. कागदावर काय लिहिले आहे ते आपले आपल्याला कळते, हेच माझे दोन्हींना उत्तर.

मिटलेल्या गुंडाळ्यांतून एपिक्युरसची बाजू कदाचित लंगडीही निघेल. निघू द्या! पण ती त्याच्याच शब्दांत निघाली पाहिजे.