कायदा फक्त वकिलांसाठी नसतो

आसामात पाऊस सुरू झाला की युनिटमध्ये दोन गोष्टी वाढतात: जळवा आणि रजेचे अर्ज. त्यातला एक अर्ज आठ दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. माझ्याच बटालियनमधला मेजर. कायद्याची पदवी घेऊन मग सैन्यात आलेला. आता त्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यात एलएलएम करायला स्टडी लीव्ह हवी आहे.

मेसमध्ये हशा पिकला. "इन्फन्ट्रीवाल्याला हे कशाला? जॅग ब्रँच आहे ना त्यासाठी!" खरं सांगतो, पहिल्या दिवशी मीही हसलो. कंपनी सांभाळायला अधिकारी आधीच कमी.

मग गोमा आठवलं. २०१० साली मी काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर होतो. त्याच गोमा शहरात बॉस्को न्टागांडा उजळ माथ्याने राहत होता. लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्याच्या आरोपावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याच्या नावे वॉरंट काढलेलं, आणि अंगावर मात्र काँगोच्या सैन्याचा जनरलचा गणवेश. एका जवानाने विचारलं, "साहेब, याला कुणी पकडत का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. वॉरंट बजावायचं कुणी, त्यात आमचा अधिकार किती, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. पुढे २०१३ मध्ये तो स्वतःच किगालीतल्या अमेरिकी दूतावासात जाऊन हजर झाला. २०१९ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली.

या कायद्याचा गाभा वकिलाचा नाही, कमांडरचा आहे. जपानी जनरल यामाशिता १९४६ मध्ये फासावर गेला तो हाताखालच्या सैन्याला अत्याचारांपासून रोखलं नाही म्हणून. तो निकाल न्याय्य होता का, यावर आजही वाद आहे. पण रोम कराराच्या २८व्या कलमात तोच प्रश्न आहे: तुझ्या माणसांनी काय केलं ते तुला ठाऊक होतं का, ठाऊक असायला हवं होतं का, आणि तू काय केलंस? हा प्रश्न जॅगच्या अधिकाऱ्याला नंतर पडतो. कंपनी कमांडरला तो रात्री दोन वाजता, रेडिओ सेट हातात असताना पडतो.

कुणी म्हणेल, भारत रोम कराराचा सदस्यच नाही. बरोबर. १९९८ च्या मतदानात आपण तटस्थ राहिलो. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आपल्याला मान्य नव्हते, अण्वस्त्रं आणि दहशतवाद त्यात आले नाहीत हेही खटकलं. पण 'नाही' म्हणायलाही अभ्यास लागतो. टोकियो खटल्यात अकरा न्यायाधीशांमध्ये एकटे राधाबिनोद पाल सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवून मोकळे झाले. त्यांचं मत पटो न पटो, त्यामागे शेकडो पानांचा युक्तिवाद होता. शिवाय आपला १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहेच, आणि आपल्या आर्मी अॅक्टमध्ये आज्ञाभंगाच्या कलमात हुकूम 'कायदेशीर' असावा लागतो. तो एक शब्द ओळखायला शिकणं हेसुद्धा सैनिकी शिक्षणच.

मेजर परत येईल तेव्हा मी इथे नसेन. पण त्याच्या एखाद्या जवानाने गोमासारखा प्रश्न विचारला, तर त्याला मान खाली घालावी लागणार नाही.

अर्जावर 'शिफारस' लिहून सही केली आहे. कंपनीचं बघू.