पडद्यावरची माणसे



चित्रपट कसा होता असे विचारले, की तुमच्यापैकी पुष्कळजण नायकाचे नाव आणि मारामारीचे प्रसंग सांगतात. मला वाटते, चित्रपट संपल्यावर मनात कोणता प्रश्न उरला, यावरून त्याची किंमत ठरवावी. मी काही जाणकार नाही. सवड मिळाली की चित्रपट पाहणारा साधा प्रेक्षक आहे. गेल्या सुट्टीत मी तीन मराठी चित्रपट पाहिले. त्यांच्याविषयी माझे मत सांगतो.

पहिला 'श्वास'. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा दुसरा मराठी चित्रपट. कोकणातील लहानग्या परशुरामला डोळ्यांचा कर्करोग होतो. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. मग आजोबा त्याला गुपचूप दवाखान्याबाहेर नेतात आणि डोळे भरून जग पाहू देतात. आजोबांचे हे वागणे बरोबर होते का? मला ते बरोबर वाटले. तुम्हीही विचार करा.

दुसरा परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४). पंढरपूरच्या ज्ञानेशची आई स्वेटर विणून घर चालवते. कर्ज फिटत नाही, म्हणून तिचे यंत्र जप्त होते. वडिलांनी तयार केलेली सायकल विकण्याची वेळ येते. तेव्हा मुले एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. हा चित्रपट खूप हसवतो, पण गरिबीला हसत नाही. हाच त्याचा मोठा गुण आहे.

तिसरा नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). जब्याला शिकायचे आहे, पण गावकरी त्याच्या घरच्यांना डुकरे पकडायला लावतात. वर्गातली मुले ते पाहून हसतात. पाठलाग चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो थेट आपल्या अंगावर येतो, असे वाटते. दगड मारणे चांगले नाही, हे खरे. पण जब्याला दोष देण्यापूर्वी, आपण कधी कोणाला असे हसलो होतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

कोणी म्हणेल, "सर, ही आमच्या घरातली माणसे नाहीत." असे कसे? नातवासाठी रडणारे आजोबा आणि कर्जाने वाकलेली आई कोणत्या मोहल्ल्यात नाहीत? कर्ज, जप्त, दुकान, नजर हे शब्दच पाहा. ते अरबी-फारसीतून आले, मराठीत रुजले आणि तुमच्या उर्दूतही आहेत. दुःखाचे आणि व्यवहाराचे शब्द जर आपण वाटून घेतले आहेत, तर ही माणसे परकी कशी?

शिवाय या चित्रपटांत मराठी जशी बोलली जाते, तशी कानावर पडते. कोकणातले बोलणे वेगळे, पंढरपूरचे वेगळे. पुस्तकातून व्याकरण येते. बोलण्याची लय मात्र ऐकूनच येते.

म्हणून पुढच्या सुट्टीत घरच्यांबरोबर यांपैकी एखादा चित्रपट जरूर पाहा. पाच नवे शब्द आणि मनात उरलेला एक प्रश्न वहीत लिहून ठेवा. शब्दांचे अर्थ मी सांगेन. प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्हालाच शोधायचे आहे.