भयपटाचे हसे आणि हरवलेला भयानक रस

शनिवारी रात्री जेवणे आटोपतात, दिवाणखान्यातला दिवा मालवला जातो आणि घरातली मंडळी दूरचित्रवाणी संचासमोर बसतात. ‘भीतीचा चित्रपट’ लागणार म्हणून मुले आधीच आजीला बिलगलेली असतात. पडद्यावर एक इच्छाधारी नाग प्रकटतो, विजा कडाडतात, आणि पंधरा मिनिटांच्या आत घरभर हशा पिकतो. घाबरण्याच्या तयारीने बसलेली मुले हसून हसून लोळू लागतात. आजी मात्र गप्प होते. लहानपणी तिने ऐकलेल्या नागाच्या गोष्टीचे इतके हसे होईल, असे तिला कधी वाटले नव्हते.

हे दृश्य ज्या चित्रपटांमुळे घरोघरी घडले, त्यांत २००२ साली आलेल्या ‘जानी दुश्मन : एक अनोखी कहानी’चा मान फार वरचा आहे. दिग्दर्शक राजकुमार कोहली या विषयाला नवखे नव्हते. १९७६चा ‘नागिन’ आणि १९७९चा पहिला ‘जानी दुश्मन’ त्यांच्याच नावावर आहे, आणि दोन्ही चित्रपटांना प्रेक्षकांनी उचलून धरले होते. २००२मध्ये तर त्यांच्या दिमतीला सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला, अमरीश पुरी असा नामवंतांचा ताफा होता. म्हणजे पैसा नव्हता, कलावंत मिळाले नाहीत, ही सबब येथे चालत नाही.

मग उणीव कशाची होती? कथेत ऋषी आहे, शाप आहे, नागयोनी आहे, पुनर्जन्म आहे. अत्याचाराच्या प्रयत्नानंतर मित्रांविषयीच्या गैरसमजातून जीव देणारी एक तरुणी आहे. यातील एकेका सूत्रावर अंगावर काटा आणणारी कलाकृती उभी राहू शकली असती. पण दिग्दर्शकाचा विश्वास ना शापावर, ना त्या तरुणीच्या दुःखावर. त्याचा सारा विश्वास हॉलिवूडकडून उसन्या आणलेल्या संगणकीय करामतींवर! म्हणून नाग अमेरिकन चित्रपटातल्या यंत्रमानवासारखा वागतो आणि चाळिशी गाठलेले नायक महाविद्यालयाच्या आवारात गाणी म्हणत हिंडतात. ज्या कथेवर सांगणाऱ्याचीच श्रद्धा नाही, तिला ऐकणारा का भ्यावा?

हा दोष एका चित्रपटाचा नाही, तो एका मनोवृत्तीचा आहे. १९७२च्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’पासून रामसे बंधूंनी हिंदी भयपटाचा जो साचा पाडला, त्यात थडगे फोडून बाहेर येणारे प्रेत हे हुकमी पात्र झाले. ज्या बहुसंख्य समाजात मृताला अग्नी दिला जातो, त्या समाजाच्या मनातले भय थडग्यात कसे सापडणार? आपल्याकडील भुताची कल्पना अतृप्त वासनेशी आणि राहून गेलेल्या अंत्यसंस्काराशी जोडलेली आहे. पाश्चात्त्यांनी आपल्या श्रद्धेतून आपले भयपट घडवले. १९७३चा ‘द एक्झॉर्सिस्ट’ जगभर गाजला, कारण कॅथलिक लेखकाने स्वतःच्या धर्मातील पापपुण्याचा प्रश्न गांभीर्याने मांडला होता. आमच्या निर्मात्यांनी त्यातील किंकाळ्या घेतल्या, गांभीर्य तेवढे तिथेच ठेवले.

वास्तविक भयाचे शास्त्र याच भूमीत रचले गेले. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ‘भयानक’ हा स्वतंत्र रस मानला आणि ओसाड घर, अरण्य, घुबड-कोल्ह्यांचे आवाज अशी त्याची कारणे नोंदवली. त्याच ग्रंथात विकृत वेषभूषा हे हास्याचे कारण म्हणून सांगितले आहे. रबरी मुखवटे आणि लाल दिवे लावून भय निर्माण करू पाहणाऱ्यांनी एवढे जरी वाचले असते, तरी आपल्या पदरी हास्यरस का पडला हे त्यांना उमगले असते! अभिनवगुप्तांनी रसाची उकल करताना उदाहरण घेतले ते ‘शाकुंतला’तील, मान वळवून मागे पाहत धावणाऱ्या हरिणाचे. तिथे ना रक्त, ना राक्षस, तरीही भयाचा प्रत्यय पूर्ण येतो.

या परंपरेत भय हे धर्माचे पहारेकरी आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तला वेताळ राजा त्रिविक्रमसेनाच्या खांद्यावर बसून त्याला न्याय-अन्यायाचे प्रश्न विचारतो आणि शेवटी कपटी साधूपासून त्याचे प्राण वाचवतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा तर ग्रामरक्षकच आहे. तो रात्री गावाभोवती फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. रात्रीच्या अंधारात वेतोबाची आठवण आली की कोकणी माणसाला धाक वाटतो आणि धीरही येतो. पडद्यावरच्या वेताळाला मात्र लाळ गाळण्यापलीकडे काम उरलेले नाही.

‘अहो, करमणूकच ती, इतके मनावर काय घ्यायचे?’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण आज आजीची गोष्ट ऐकायला घरात आजी नाही. नाग, ऋषी, तपश्चर्या, शाप हे शब्द मुलाला पहिल्यांदा भेटतात ते पडद्यावरच. तिथे ते हास्यास्पद ठरले की मुलाच्या मनात जन्मभर हास्यास्पद राहतात. उघड टीकेला उत्तर देता येते, पण हसण्यावारी गेलेल्या वारशाचा वकील कोणी होत नाही.

हे टाळता येत नाही असेही नाही. १९९३च्या ‘मणिचित्रताळ’ या मल्याळम चित्रपटाने एका जुन्या वाड्यातल्या बंद दारामागून प्रेक्षकाला खिळवून ठेवले. राही अनिल बर्वे या मराठी दिग्दर्शकाचा ‘तुंबाड’ तर कोकणच्या पावसात भिजलेला आहे. त्यातील हस्तर पुराणातला नव्हे, तो कल्पित आहे. पण लोभाचा शेवट विनाशात होतो हे सूत्र मात्र अस्सल या मातीतले! कणकेच्या बाहुल्या आणि पडका वाडा एवढ्या घरगुती सामग्रीतून तिथे थरकाप उभा राहतो. २०१२ साली सुरू झालेले हे काम पुन्हा चित्रीकरण करून २०१८मध्ये पडद्यावर आले. तपश्चर्या म्हणतात ती हीच.

आणि इथे बोट स्वतःकडेही वळवावे लागते. संस्कृतीची विटंबना झाली की निषेधाची पत्रके काढण्यात तत्पर असणारा समाज २०१८मध्ये ‘तुंबाड’च्या तिकीटखिडकीवर किती दिसला? प्रतिसाद बेताचाच होता. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा कुठे पहिल्या खेपेहून अधिक कमाई झाली. खऱ्या कामाची कदर करायला सहा वर्षे लावणाऱ्या समाजाला भिकार चित्रपटांविषयी तक्रार करण्याचा अधिकार अर्धाच उरतो.

वाईट चित्रपटावर बंदी मागणे सोपे आहे. चांगल्या चित्रपटासाठी रांगेत उभे राहणे, मुलांच्या हाती नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके देणे, वेतोबाच्या वहाणांची कथा घरात पुन्हा सांगणे, हे त्याहून कष्टाचे आहे. पण काम तेच आहे. ज्या घरात गोष्ट जिवंत आहे, त्या घरातले मूल रबरी मुखवट्याला हसेल आणि वेतोबापुढे हातही जोडेल.