आमिना की अमीना?

मुलामुलींनो, घरात बाळ जन्मले की नावाचा शोध सुरू होतो. अनेक घरांत सातव्या दिवशी अकीका असतो. तोपर्यंत नाव ठरावे, अशी मोठ्यांची इच्छा असते. नावे पुष्कळ सुचतात आणि एकेक करून गळतात. शेवटी दोनच उरतात. ती दोन्ही सारखीच असली तर मात्र वाद रंगतो. सलमा की सलीमा? आलिया की आलिमा? आमिना की अमीना?

आपण शेवटची जोडी घेऊ. समजा, तुमच्या घरी लहान बहीण आली आहे. दादी म्हणतात, "आमिना ठेवा. पैगंबरसाहेबांच्या आईचे नाव आहे." अब्बा म्हणतात, "अमीना ठेवू. मक्केचे लोक पैगंबरसाहेबांना अल-अमीन म्हणत असत." फुफी हसून म्हणतात, "दोन्ही एकच तर आहेत! काहीही ठेवा."

फुफींचे म्हणणे मला पटत नाही. तुम्हीच ही दोन नावे उर्दूत लिहून पाहा. आमिना लिहिताना अलिफवर मद असते आणि मीमनंतर लगेच नून. अमीना लिहिताना मद नसते, पण मीम आणि नून यांच्या मध्ये 'ये' असते. अर्थही वेगळे आहेत. आमिना म्हणजे सुरक्षित, जिला भय नाही अशी. अमीना म्हणजे विश्वासू, जिच्याकडे ठेव ठेवावी अशी. दोघींचे मूळ मात्र एकच आहे. अलिफ, मीम, नून या तीन अक्षरांपासून अमन, अमानत, ईमान असे कितीतरी शब्द झाले. त्यांतले काही मराठीतही आले आहेत. 'इमानदार' तुम्ही रोज ऐकता. निवडणुकीत उमेदवाराची 'अनामत' जप्त झाली, असे वर्तमानपत्रात वाचता. ही अनामत म्हणजे आपली अमानतच. मराठीत येताना तिच्या अक्षरांनी जागा बदलल्या, इतकेच!

अर्थ पाहून निवड करावी, असे कोणी म्हणेल. पण येथे दोन्ही अर्थ चांगले आहेत आणि दोन्ही नावांना मान आहे. त्यामुळे अर्थावरून भांडत बसलो तर दादी आणि अब्बा दोघेही बरोबर ठरतील आणि बाळ बिननावाचे राहील. माझ्या मते अशा वेळी जीभ आणि लेखणी यांना विचारावे. नाव हाक मारताना कसे ऐकू येते? लिहिताना ते टिकते का?

आधी आमिना घ्या. उर्दूत आपण जेर सहसा लिहीत नाही. म्हणून हे नाव ज्याला ठाऊक आहे तोच ते बरोबर वाचतो. पुष्कळ घरांत त्याचा उच्चार 'आमना' असाच होतो. मराठीत लिहायची वेळ आली की कोणी आमिना लिहितो, कोणी आमना, कोणी आमेना. एका मुलीची तीन नावे झाली.

आता अमीना घ्या. उर्दूत 'ये' लिहिलेलेच असते, त्यामुळे वाचणारा अडखळत नाही. अडचण मराठीत आहे. मराठीत शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याच्या आधीची वेलांटी बहुधा पहिली असते. उर्दूतला 'महीना' मराठीत 'महिना' होतो आणि 'नमूना'चा 'नमुना' होतो. याच सवयीने लिहिणारा 'अमिना' लिहून मोकळा होतो. त्याचे फारसे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याने आपल्या भाषेची सवय पाळली. पण नाव हा काही साधा शब्द नाही. ते जिचे आहे तिच्या घरात जसे आहे तसेच लिहायला हवे.

इंग्रजीत तर आणखी गंमत आहे. तेथे दोन्ही नावे पुष्कळदा एकाच स्पेलिंगने लिहिली जातात. मग आधारकार्डावरून ही आमिना की अमीना, हे कोणी कसे सांगावे?

मला विचाराल तर मी अमीना निवडीन. आमिनाच्या तीन वाटा फुटतात, अमीनाची एकच वेलांटी सांभाळायची आहे. दादींची इच्छा मोडते, हे खरे. त्यांना वाईट वाटेल. पण चुलत्यांच्या घरी आधीच एखादी आमिना असेल, तर कदाचित त्याच म्हणतील, "एका हाकेला दोघी धावून येतील, दुसरे नाव ठेवा."

एवढी घाई करण्याचेही कारण नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती दवाखानाच देतो. पण त्या वेळी नाव सांगितलेच पाहिजे, असे नाही. नावाशिवायही जन्माची नोंद होते. पुढे १२ महिन्यांपर्यंत पैसे न भरता नाव घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. या कायद्यात २०२३ साली बदल झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत प्रवेश, आधार, पारपत्र अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. त्यावर जे नाव पडेल तेच शाळेच्या रजिस्टरमध्ये जाईल आणि तेथून दहावीच्या प्रमाणपत्रावर. दाखल्यावर आमना आणि आधारकार्डावर अमीना असेल, तर पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापा, अशा खेपा त्या मुलीलाच घालाव्या लागतील.

आणि येथे तुमचे काम आहे. दादींना कदाचित मराठी लिहिता येत नसेल. कार्यालयातल्या कारकुनाला उर्दू येत नसेल. घरात उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही लिप्या वाचणारे कदाचित तुम्हीच असाल. म्हणून अब्बा नाव नोंदवायला निघाले की तुम्हीही सोबत जा. ठरलेले नाव तिन्ही लिप्यांत एका कागदावर स्वच्छ लिहून न्या. दाखला हातात आला की तेथेच उभे राहून वाचा. 'मी'ची वेलांटी दुसरी आहे ना, हे पाहा. नसेल तर खिडकीवरून हलू नका.