वेल वाढला; शेंगा कोठें?

गेल्या पावसाळ्यांत मुलुंडच्या आमच्या घरामागें आम्ही पावट्याचे दोन वेल लाविले होते. बियाणें आजींच्या माहेरचें, रायगड जिल्ह्यांतलें. तेथील शेत विकलें गेल्यापासून तें अन्यत्र कोठें उरलें नाहीं; म्हणून डब्याच्या तळाशीं राहिलेल्या मूठभर दाण्यांचें मोल आम्हांस फार. धुण्याच्या दगडाजवळचा वेल पाणी पिऊन कौलांपर्यंत चढला आणि येणारा-जाणारा त्याचें कौतुक करूं लागला. कुंपणाजवळचा बेताचाच वाढला. थंडी पडल्यावर मात्र कौतुकाच्या वेलावर पानेंच पानें, आणि कुंपणावरच्या वेलानें दोन वेळां पावटेभाताची सोय केली!

तेव्हां प्रश्न उभा राहिला कीं, पुढील सालासाठीं बीं कोणत्या वेलाचें ठेवावें? आजी म्हणाल्या, "माजलेल्याचें बीं नको." भाऊंचें म्हणणें असें कीं, त्याच्या ज्या चार शेंगा आल्या त्यांतील दाणे टपोरे आहेत, तेच ठेवावे.

वाचकांस हा वाद क्षुल्लक वाटेल. परंतु कडधान्यांचे नवे वाण निपजविणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें हाच वाद नित्य असतो. झाडाचें उत्पन्न म्हणजे तीन संख्यांचा गुणाकार: झाडावरील शेंगा, शेंगेंतील दाणे व दाण्याचें वजन. परंतु झाडाजवळची शिदोरी ठराविकच. पंगतींत पानें वाढलीं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची खीर कमी होते. तसाच शेंगा फार लागल्या कीं दाणा बहुधा बारीक पडतो. मूग, चवळी, तूर यांच्या प्रयोगांत उत्पन्नाशीं सर्वांत निकटचें नातें बहुतेक वेळां शेंगांच्या संख्येचें आढळतें. उंचीचें नातें फसवें. उंच झाडाला फांद्या अधिक, फांद्यांना शेंगा अधिक, म्हणून उंची गुणाची दिसते. फांद्यांचा व शेंगांचा वाटा वजा केला तर तिच्या पदरीं थोडेंच उरतें. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष वाटा असा निराळा काढण्याची रीत अमेरिकेंतील स्यूअल राइट यांनीं १९२१ सालीं मांडली. आपल्या देशांत शेतकी प्रयोगांचें गणित शिकविणारा प्रसिद्ध ग्रंथ डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांनीं १९५४ सालीं सिद्ध केला.

आमच्या उपनगरांतच, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत, किरणांच्या योगें टपोऱ्या दाण्याचा उडीद मिळविण्यांत आला. त्याचा जुन्या वाणाशीं संकर करून, अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या साह्यानें, १९८५ सालीं ‘टीएयू-१’ हा वाण शेतकऱ्यांच्या हातीं आला. ट्रॉम्बे, अकोला व उडीद यांचीं तीं आद्याक्षरें.

मग टपोरा दाणा ठेवावा, हें भाऊंचें म्हणणें खरें काय? येथें डेन्मार्कचे योहान्सन आडवे येतात. त्यांनीं १९०३ सालीं घेवड्यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच शुद्ध वंशांतील मोठे दाणे निराळे व लहान दाणे निराळे पेरले, तरी संततीच्या दाण्यांचें सरासरी वजन सारखेंच निघालें. भेद बियांत नव्हता, परिस्थितींत होता. उलट ट्रॉम्बेच्या उडदांत भेद बियांतच उत्पन्न झाला होता, म्हणून तो पुढें चालला.

आमच्या वेलांचें बीं एकाच डब्यांतलें. पाणी मात्र निराळें. तेव्हां माज बियांत कीं धुण्याच्या पाण्यांत, हें एका हंगामावरून सांगतां यावयाचें नाहीं. आजी व भाऊ दोघेहि कदाचित् पाण्याचा दोष वा गुण बियांच्या माथीं मारीत असतील! म्हणून दोन्ही वेलांच्या निराळ्या पुड्या बांधिल्या आहेत. येत्या पावसाळ्यांत त्या कुंपणाजवळ शेजारीं-शेजारीं लावूं, सारखेंच पाणी देऊं, आणि शेंगा मोजूं. आजींनीं थोडी कुरकुर केली; पण पुड्या त्यांनींच राखेंत घालून ठेविल्या.

ज्या घरीं असें जुनें बियाणें असेल त्यांस आमचें सांगणें इतकेंच: सगळें शिजवूं नये, आणि एका वेलाच्या एका सालच्या वागणुकीवरून वाणहि टाकूं नये.