सावकाश चला, सोबतीने चला

इंग्लंडात नोकरीला गेलेला मुलगा फोनवर सांगतो, "रविवारी इथल्या मंडळींबरोबर सायकलवर रानात जातोय, वाटेत एखाद्या पबमध्ये थांबतो," आणि इकडे आईच्या कपाळावर आठ्या उमटतात. सायकलचे कौतुक बाजूलाच राहते, 'पब' हा एकच शब्द कानात अडकतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरातले कुणी ना कुणी आज परदेशी आहे. तेव्हा हा प्रकार आहे तरी काय, ते समजून घेतलेले बरे.

ही हौस आजची नाही. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेजवळ लेम्स्टर नावाचे गाव आहे. तिथल्या 'ब्लॅक स्वान' या पबमध्ये १९५५ साली काही सायकलवेडे जमले आणि 'रफ स्टफ फेलोशिप' हे मंडळ सुरू झाले. डांबरी रस्ता सोडायचा, डोंगरातल्या आणि चिखलातल्या वाटा धरायच्या, आणि जिथे सायकल चालत नाही तिथे ती सरळ खांद्यावर घ्यायची, हा यांचा छंद. माउंटन बाइक बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्याहीपूर्वी, मार्च १९१९ मध्ये, 'वेफेअरर' या टोपणनावाने लिहिणारे डब्ल्यू. एम. रॉबिन्सन सोबत्यांसह वेल्समधला बर्विन डोंगर बर्फातून सायकली घेऊन ओलांडून गेले होते. त्यात शर्यत नव्हती की पदक नव्हते.

त्या सीमेपलीकडे वेल्समध्ये रस्त्यावर 'हळू' हा शब्द दोन भाषांत रंगवलेला दिसतो. वेल्शमध्ये 'आराव', इंग्रजीत 'स्लो'. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या घरांना त्याचे नवल वाटू नये. आपला 'सावकाश' तर मराठीलाही चालतो आणि कानडीलाही. निघताना "सावकाश या" म्हटले काय किंवा "सावकाश बर्री" म्हटले काय, माया तीच.

अशा गटांचा कारभारही सावकाशीचाच असतो. चढावर कुणी पुढे जातो, कुणी धापा टाकत मागे राहतो. मात्र शेताच्या फाटकापाशी सगळे थांबतात. शेवटचा गडी आला, त्याने पाणी प्यायले, दम खाल्ला, की मगच पुढे निघायचे. मागून आलेल्याला पोहोचल्या पोहोचल्या पिटाळायचे नाही, हे चांगल्या गटाचे लक्षण.

आता पबविषयी. 'पब' हे 'पब्लिक हाउस'चे छोटे रूप. खेडेगावात तो बराचसा आपल्या कट्ट्यासारखा, कानडीतल्या 'कट्टे'सारखा असतो. माणसे तिथे पिण्याइतकीच बोलायला येतात. न पिणाऱ्याने लिंबाचा स्वाद घातलेला सोडा मागवला तरी कुणी भुवया उंचावत नाही. एकाने सर्वांसाठी पेये आणायची, पुढच्या वेळी दुसऱ्याने, अशी तिथली रीत आहे. पाळीत आपले नाव चुकवू नये, पण आपल्याला काय हवे ते मोकळेपणाने सांगावे. आणि पिणाऱ्यांनीही भान ठेवावे. नशेत सायकल चालवणे हा तिथे कायद्याने गुन्हा आहे.

नव्याने जाणाऱ्याने निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. अंतर किती, चढ किती, आणि मागे राहिलेल्यासाठी थांबतात का? जवळ जादा ट्यूब, पंप, पाणी आणि अंगावर हेल्मेट असावे. हिवाळ्यात तिथे दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते, म्हणून दिवे हवेतच. वाटांचेही नियम आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकल नेता येते, मात्र पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी लागते. केवळ पायवाटेवर असा हक्क नसतो. शेताचे फाटक जसे होते तसेच ठेवून पुढे जायचे. उघडे राहिले तर कुणाची तरी गुरे रस्त्यावर येतात, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको.

परमुलखात पगार मिळतो, घर मिळते. सहज भेटणारी माणसे मात्र लवकर मिळत नाहीत. ऑफिस सुटले की खोली आणि खोलीतून पुन्हा ऑफिस, असे महिनोन्महिने जातात आणि मुले ते फोनवर सांगत नाहीत. "जेवलास का?", "ऊटा आयता?" हे आपण न चुकता विचारतो. "रविवारी कुणाबरोबर होतास?" हेही विचारायला हवे. पहिल्या रविवारी त्याला तिथले विनोद कळणार नाहीत, दुसऱ्या रविवारी पाय भरून येतील. म्हणून निदान तीन रविवार तरी जा, असे घरच्यांनीच त्याला सांगावे. न आल्यास "आज का आला नाही?" असे विचारणारी चार माणसे परक्या गावात मिळाली, तर चिखलाने माखलेले कपडे धुणे काही महाग नाही.