मोटारीतील वायूचा हिशेब

चैत्र सरत आला, पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळू लागला आणि लोहाऱ्याहून दारव्ह्याकडे जाणारा रस्ता भर दुपारी ओस पडू लागला, की ज्यांच्या दारी दहा-पंधरा वर्षांची जुनी मोटार उभी आहे अशा आमच्या भागातील गृहस्थांचा एक वार्षिक रिवाज सुरू होतो : एसीत ‘गॅस भरून’ घेण्याचा. हल्ली वायूचा डबा, रबरी नळी आणि दाब दाखविणारा काटा हा सगळा सरंजाम घरपोच मिळत असल्यामुळे हे काम अंगणातच उरकण्याचा मोह अनेकांना होतो. या मोहामागील स्वावलंबनाची बुद्धी मला आदरणीय वाटते. परंतु तिचा अंमल कोठवर चालावा, याची हद्द आखणे अगत्याचे आहे.

पेट्रोल जळते, हा वायू जळत नाही. बंद नळ्यांतून फिरताना तो कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून द्रवरूप होतो, कूलिंग कॉइलमध्ये उष्णता शोषून पुन्हा वायुरूप होतो, आणि हा फेरा अखंड चालतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडासा झिरपा होतो, हे खरे. पण एका उन्हाळ्यात भरलेला वायू दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत नाहीसा होत असेल, तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता पुन्हा वायू भरणे म्हणजे मालकाचा ऐवज हवेत सोडणे होय.

शिवाय कित्येकदा कसूर वायूचा नसतोच. आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. वेचणीपासून जिनिंगपर्यंतच्या हंगामात गाड्यांच्या मागून धावताना कापसाचे तंतू, रस्त्याची धूळ आणि मेलेले किडे कंडेन्सरच्या पातळ पात्यांत असे घट्ट बसतात, की हवेची वाटच खुंटते. इंजिन थंड असताना, पाती वाकणार नाहीत इतक्या मंद धारेने, शक्य तर आतल्या बाजूकडून बाहेर पाणी सोडून ती धुवावी. केबिनची धुळकट जाळी बदलावी. कंडेन्सरचा पंखा फिरतो की नाही ते पाहावे. आणि थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे वायूबरोबर फिरणारे तेल कॉम्प्रेसरच्या सीलपर्यंत पोचते आणि सील कोरडे पडत नाही. एवढे काम घरी अवश्य करावे.

वायूला मात्र हात लावू नये. या गाड्यांतील आर-134ए हा वायू चाळीस अंश उष्णतेत, एसी बंद असताना, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे नऊ किलोचा दाब दाखवितो, आणि आत चारशे ग्रॅम असो वा शंभर, द्रवाचा अंश शिल्लक असेपर्यंत काटा तेथेच राहतो. चालू एसीतही तो उष्णतेप्रमाणे आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे हलत असल्यामुळे त्याच्यावर विसंबून भरणारा मनुष्य अंदाजावरच चालतो. जास्त भरणा झाला तर आमच्या उन्हात दाब धोक्याच्या पातळीला जातो, आणि डबा चुकून उच्च दाबाच्या बाजूस जोडला तर तो फुटूही शकतो. म्हणून यंत्रणा पंपाने निर्वात करून, तीतील हवा व ओलावा काढून, बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेले वजनच तोलून भरले पाहिजे. ओलावा राहिला तर तो तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसर पोखरतो.

हा प्रश्न केवळ एका मालकाच्या खिशाचा नाही. आर-12 या जुन्या वायूने ओझोनचे कवच विरत असल्याचे ध्यानी आल्यावर 1987 साली मॉन्ट्रियल करार झाला, आणि भारतानेही 1992 साली त्यात सामील होऊन पुढे त्या वायूचा त्याग केला. त्याच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापकारक आहे. अर्धा किलो हवेत सोडणे म्हणजे जवळजवळ तीनशे लिटर पेट्रोल जाळण्याइतका तापमानवाढीस हातभार लावणे. मॉन्ट्रियल कराराच्या 2016 मधील किगाली दुरुस्तीस भारताने 2021 साली मान्यता दिली ती याच वर्गातील वायूंचा वापर घटविण्यासाठी. मग यंत्रणेत उरलेला वायू नळीचे तोंड उघडून सोडून देण्याची पद्धत गल्लोगल्ली बिनदिक्कत का चालावी?

शासनाने यवतमाळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गॅरेजवाल्यांसाठी वायू परत खेचून घेण्याच्या यंत्राचे अल्पमुदतीचे शिक्षण देण्याची आणि ते यंत्र घेण्यास स्वस्त कर्जाची तजवीज करावी. गाडीवाल्यानेही पावतीवर जुना वायू किती ग्रॅम निघाला, नवा किती भरला आणि गळती कोठे सापडली, एवढा मजकूर मागून घ्यावा, आणि तो नसेल तर पैसे देण्यास बेलाशक नकार द्यावा.